साहेबांचा दगड

उरलेल्या महाराष्ट्राच्या लेखी गोंदिया हे गाव नाही, गाडीच्या पाटीवरचा शब्द आहे. 'कोल्हापूर–गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस', 'मुंबई–गोंदिया विदर्भ एक्स्प्रेस'. त्या पाटीखालून रोज हजारो माणसं चढतात, उतरतात. पाटीवरच्या दुसऱ्या नावाचं पुढं काय होतं याची चौकशी कुणी करत नाही. नागपूरला डबा रिकामा होतो. उरतो ते आम्ही. आम्ही एकमेकांना चेहऱ्यावरून ओळखत नाही; नागपूर गेल्यावरही जो बर्थवर आडवाच असतो, तो आपला.

माझे साडू पुण्याचे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तेव्हापासून दर दिवाळीला फोनवर 'एकदा यायचंय हो तुमच्या गोंदियाला' म्हणतात. हे वाक्य मी कधी धमकी म्हणून घेतलं नव्हतं. २०२४च्या डिसेंबरात ते मेहुणीला, म्हणजे माझ्या बायकोच्या ताईला, घेऊन खरोखरच महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आले. रात्री पुण्यात बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाच्या फलाटावर उतरला तो गळ्यात दुर्बीण, डोक्यावर हिरवी टोपी आणि हातात यादी घेऊनच.

"तुम्ही काय, भाग्यवान," ते रिक्षात बसता बसता म्हणाले. "जंगलात राहता."

मी राइस मिलमध्ये हिशेबनीस आहे. माझ्या टेबलावरून जे दिसतं ते कोंड्याचा ढीग, काटा आणि मालकाचा फोटो. पण पाहुण्याला पहिल्याच रात्री तोंडघशी कशाला पाडा, म्हणून मी 'हो, आहे खरं' म्हणालो. पुढच्या चार दिवसांतलं सगळं त्या तीन शब्दांतून निघालं.

जेवणं झाल्यावर यादी उघडली. नवेगावबांध, नागझिरा, इटियाडोह, बोदलकसा, चोरखमारा, हाजरा फॉल, कचारगड आणि शेवटी लाल शाईनं खाली दोन रेघा ओढून : सारस. मला एकदम दहावीच्या भूगोलाच्या पेपरची आठवण झाली, कारण उत्तरं तेवढीच येत होती. बोदलकशाला मी एकदा लग्नाला गेलो होतो. तलाव मांडवाच्या मागं होता म्हणे. नागझिऱ्याला शाळेची सहल गेली होती, पण त्या सहलीत मी बराच वेळ बसच्या खिडकीबाहेर तोंड काढून होतो, आणि ते निसर्ग पाहण्यासाठी नव्हतं. इटियाडोह म्हणजे मासोळी. धरण म्हणून त्याच्याकडे पाहायचं असतं हे मला यादीवरून कळलं.

रात्री बायको म्हणाली, "तुम्हाला काही माहीत नाही हे त्यांना कळू देऊ नका हं. ताई जन्मभर ऐकवेल."

पहिल्या सकाळी मी त्यांना सुभाष गार्डनमध्ये नेलं, कारण तिथला रस्ता मला येत होता. शहराची बाग असते तशी आहे. साडूंनी ती सहा मिनिटांत संपवली आणि म्हणाले, "आमच्या सारसबागेची सर नाही." आता सारसबागेत सारस नाही आणि तळ्यातल्या गणपतीचं जुनं तळं कधीच बुजलं. आमच्याकडे सारस आहे, तळी आहेत, तर बागेला नाव सुभाषबाबूंचं. हे मला सुचलं ते संध्याकाळी, भात खाताना. मला उत्तरं नेहमी जेवणात सुचतात.

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी केली आणि नवेगावबांधच्या रस्त्याला लागलो. साठेक किलोमीटर. वाटेत एक तलाव आला, मग दुसरा, मग तिसरा. साडू प्रत्येक तलावाला 'थांबा, थांबा' म्हणायचे. पुण्यात तलाव म्हणजे ठिकाण असतं. तिथं गाडी लावायची सोय असते, भेळ असते. आमच्याकडे तलाव हा दोन गावांमधला विरामचिन्हासारखा प्रकार आहे. त्यात म्हशी बसतात, पोरं पोहतात, बाया धुणं धुतात. 'तलाव पाहायला चला' असं आमच्यात कुणी म्हणालं, तर कुणी बुडालं का, असं विचारतील.

"हा कुठला तलाव?" चौथ्या तलावाशी साडूंनी विचारलं.

"मामा तलाव."

"कुणाच्या मामाचा?"

मी जन्मभर मामा तलाव, मामा तलाव ऐकत आलो होतो. मामा कोण, हे विचारायचं राहून गेलं होतं. "असतील गावातले एक मामा," मी म्हणालो, "दानशूर होते." साडूंनी वहीत 'दानशूर मामा' असं लिहिलं.

पाळीवर एक म्हातारा ढीवर शिंगाडे घेऊन बसला होता. तो आधी खोकल्यासारखा हसला, मग हसल्यासारखा खोकला. "मामा कायचा जी! माजी मालगुजारी. मा आणि मा. सरकारनं कागदावर लिवलं, लोकायनं मामा केला."

मग त्यानं जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो, पण चेहरा उजळणी चालू असल्यासारखा ठेवला. गोंड राजांच्या काळापासून रीत अशी, की जो रान तोडून तलाव बांधील त्याला त्या तलावाखालची जमीन. कोहळी समाजाच्या लोकांनी हे काम हातात घेतलं आणि उतार बघून असे तलाव बांधले की एकाचं वाहून जाणारं पाणी खालच्या तलावात, त्याचं त्याच्या खालच्यात. जादा पाणी निघून जायची वाट ती सलंग. पाहिजे तेवढंच पाणी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, सोडायची ती तुडूम. आणि तलावाचं धाकटं भावंड ती बोडी. पुढं ही मालमत्ता मालगुजारांची झाली. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि नावाला 'माजी' चिकटलं. माणूस निवृत्त झाला की त्याला कुणी विचारत नाही. हे तलाव मात्र माजी होऊनही धानाला पाणी पाजताहेत. आमच्या मिलमध्ये येणारा बराचसा धान याच पाण्याचा, आणि मी पोत्यावर फक्त वजन वाचत होतो.

साडूंनी 'दानशूर मामा' खोडलं. माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. त्यांचं लक्ष शिंगाड्यांकडे होतं. उपासाला पिशवीतून पीठ होऊन येणारी ही वस्तू जन्मतः शिंगं घेऊन येते हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यानं एक हिरवा-काळा शिंगाडा घेतला, दोन्ही शिंगं दातानं उडवली, अंगठ्याच्या नखानं साल सोलली आणि आतला दुधासारखा पांढरा गर पुढं केला. त्याची बोटं सालीच्या रसानं काळी पडली होती. गराला एक डाग नव्हता. साडूंनी तसंच करायला घेतलं. पहिलं शिंग ओठाला लागलं, दुसरं हिरडीला. तरीही त्यांनी अकरा खाल्ले. अकराव्याला त्यांचा वरचा ओठ पुणेरी राहिला नव्हता.

नवेगावबांधचा तलाव दिसला तेव्हा गाडीत कुणी काही बोललं नाही. भोवती डोंगर, मध्ये पाणी, आणि पाण्यावर लांब कुठं तरी बदकांची काळी रेघ. हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. एकट्यानं कसा बांधणार? भोवतीचे डोंगर म्हणजे सात बहिणी, त्यांनी हातभार लावला, अशी कथा आहे. पुढं लोकांनी कोलू पाटलाचाच कोलासुर देव केला आणि डोंगरावर त्याचं ठाणं झालं. पाण्याचं काम करणाऱ्याला लोक देव करतात ही आमच्या भागातली पद्धत. अलीकडच्या ठेकेदारांवर ती वेळ अजून आलेली नाही.

साडूंनी पिशवीतून पुस्तक काढलं. मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस'. पानोपानी खुणेच्या चिठ्ठ्या. मूळचे सोलापूरचे चितमपल्ली वनखात्यात होते, इथं राहिले, नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवारांसोबत पक्षी पाहत हिंडले, रानातल्या माणसांच्या तोंडची पाखरांची, झाडांची नावं गोळा करून त्यांनी मराठीत आणली. हे सगळं साडू मला सांगत होते. माझ्या जिल्ह्यात. मी 'बरोबर' म्हणत होतो.

आणि मग ते थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब नेमके कुठं बसायचे हो?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ताईनं बायकोकडे पाहिलं. मला समोर मोहाचं एक झाड दिसलं, त्याच्या बुडाशी एक सपाट काळा दगड होता. पाहुणा इतक्या लांबून आला होता. चार दिवसांचं भाडं ठरलं होतं. मी हात केला.

"हा," मी म्हणालो. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण खोटं बोलणाऱ्याला तपशिलाचा मोह फार. "संध्याकाळी. पाठ मोहाला टेकवून."

साडूंनी बूट काढले. मोजे काढले. दगडाला हात लावून तो कपाळाला लावला आणि बसले. पाठ मोहाला टेकवली. डोळे मिटले. मी तलावाकडे पाहत राहिलो, कारण दुसरीकडे कुठं पाहायची सोय नव्हती.

तेवढ्यात एक सहल आली. साठेक पोरं आणि दोन गुरुजी. अनवाणी, डोळे मिटलेला माणूस पाहून एका गुरुजींनी विचारलं, "इथं काय आहे जी?" साडूंनी डोळे उघडले आणि पंधरा मिनिटं सांगितलं. चांगलं सांगितलं, हे मी कबूल करतो. पोरं गप्प होती. सांगून झाल्यावर पोरांची रांग लागली. प्रत्येकानं चप्पल काढून दगडावर बसून घेतलं. शेवटच्या पोरानं मला विचारलं, "काका, तुम्ही पाहिलं होतं का त्यायले बसलेलं?"

"लांबून," मी म्हणालो.

तिथून इटियाडोह. गाढवी नदीवरचं हे धरण अर्जुनी मोरगाव तालुक्यात. वाटेत गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्गेलिंग नावाची, १९७२ सालापासूनची. ताईला तिथं स्वेटर घ्यायचा होता. वसाहत निवांत होती. एका आजींनी सांगितलं, थंडी पडली की बरीच मंडळी बाहेरगावी स्वेटर विकायला जातात. ताईच्या अंगावर जो स्वेटर होता तो तिनं पुण्यातच तिबेटी बाईकडून घेतलेला निघाला. हजार किलोमीटरच्या आसपास एकमेकींना चुकवत केलेला हा प्रवास होता. ताई आणि आजी त्यावर इतक्या हसल्या की आम्हाला चहा मिळाला.

हाजरा फॉल मी डिसेंबरच्या नावाखाली टाळला. सालेकशाकडचा हा धबधबा दरेकसा स्टेशनपासून जवळ आहे. तो पावसाळ्यात बघावा, हिवाळ्यात खडकच जास्त दिसतो. कचारगडच्या गुहांचं खरं रूप माघ पौर्णिमेला, देशभरातून गोंडी समाज तिथं लोटतो तेव्हा. त्यामुळे 'माघात या' असं सांगून मी तोही प्रश्न पुढच्या वर्षावर ढकलला. हिशेबनिसाला हे जमतं.

नागझिरा मात्र टळेना. पहाटे, जिप्सीत, दोन स्वेटर आणि एक घोंगडी. गाइड दर दहा मिनिटांनी गाडी थांबवून बोट ओठावर ठेवायचा. कॉल आला, कॉल आला. आम्ही श्वास धरायचो. साडूंच्या पोटातून कॉल आला, तोही एकदा सगळ्यांनी ऐकून घेतला. दिसलं काय? रानगव्याची पाठ, चितळं, मोर आणि धुळीत उमटलेला पंजा. "आत्ताच गेला जी," गाइड म्हणाला.

यात वाघाची चूक नाही. नागझिऱ्याचा आमचा 'जय' वाघ, शोलेतल्या जयवरून नाव ठेवलेला, २०१३ साली चालत चालत उमरेड-कऱ्हांडल्याला गेला. तिथं त्याला बघायला गाड्यांच्या रांगा लागल्या, पेपरात फोटो आले आणि २०१६मध्ये तो दिसेनासा झाला. आमच्या गल्लीतल्या सहा पोरांची हीच गोष्ट आहे. शिकायला म्हणून नागपूरच्या बाजूला गेली, तिकडे नाव काढलं, आता फोन उचलत नाहीत. पुढं मे २०२३मध्ये ब्रह्मपुरीकडच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. गोंदियाच्या पोरांना मुली मिळत नाहीत अशी तक्रार आमच्याकडे घरोघरी आहे. पण सरकारनं स्वतः गाडी पाठवून सुना आणल्या त्या फक्त वाघांसाठी.

उरला सारस. महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळपास फक्त आमच्या जिल्ह्यात आणि थोडाफार शेजारी दिसतो. माणसाएवढा उंच, राखाडी अंग, लाल मान. जोडीनं राहणारा. साडूंनी शेवटच्या दिवशी पहाटे पाचला आम्हाला उठवून परसवाड्याच्या तलावावर नेलं. आता ते मला नेत होते; मीही हरकत घेतली नाही. तीन तास आम्ही धुक्याकडे पाहिलं. धुकं गेल्यावर बदकांकडे पाहिलं. बदकं सोळा जातींची होती म्हणतात. मला ती ओली दिसली, एवढंच. सारस नव्हता. साडूंनी दुर्बीण डब्यात घातली, परत काढली, परत घातली. परतीच्या वाटेवर ते कुणाशी बोलले नाहीत.

एका फाट्यावर गाडी पंक्चर झाली. टपरीवर एक वीस-बावीसचा पोरगा. त्यानं चाक काढलं, ट्यूब बाहेर ओढली, हवा भरली आणि पाण्याच्या घमेल्यात वीत-वीत बुडवत बुडबुडे शोधायला लागला. साडूंच्या गळ्यातली दुर्बीण पाहून त्यानं मान वर न करताच विचारलं, "सारस पाहाले आलते का जी?"

"हो. पण नाही दिसले."

"टपरीच्या मागं जाऊन पाहा ना."

टपरीच्या मागं कापून झालेली बांधी होती. धानाची खुंटं, मध्ये थोडं ओलं, आणि त्या ओल्यात दोन सारस. पंधरा-वीस पावलांवर. एक खाली मान घालून काही टोचत होता, दुसरा आमच्याकडे बघत होता, मिलमध्ये उधारी मागायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे मालक बघतो तसा. ताई जिथल्या तिथं धुऱ्यावर बसली. बायको हळूच म्हणाली, "अगं बाई, हे तर नेहमीचेच. माझ्या माहेरच्या रस्त्याला दिसतात. याला सारस म्हणतात होय?"

साडूंनी दुर्बीण डोळ्याला लावली. काही दिसेना. पक्षी इतका जवळ होता की दुर्बिणीत मावत नव्हता. ते एक पाऊल मागं सरकले. चाक फिरवलं. आणखी एक पाऊल मागं. लाल मान थोडी थोडी स्पष्ट व्हायला लागली असावी, कारण त्यांचं तोंड उघडं होतं. "आली, आली," ते म्हणाले, आणि तिसऱ्या पावलाला पंक्चरवाल्याच्या घमेल्यात बसले.

पाणी उडालं, ट्यूब उडाली, सारस उडाले नाहीत. उलट त्यातल्या एकानं मान आभाळाकडे ताठ केली आणि हाक दिली. ती संपायच्या आत दुसऱ्यानं तिला जोडून दिली. आवाज एवढा मोठा की रस्त्यावरची मोटारसायकल थांबली. दोघांची मिळून ती एक लांबलचक हाक चालू होती आणि साडू घमेल्यात बसून ऐकत होते. उठायचं त्यांना सुचलं नाही, उठवायचं आम्हाला.

पोरगा म्हणाला, "पावसाळ्यात आमच्या बांधीत अंडी घातली होती जी. दोन. बाबानं तेवढ्या जागेत पायच नाही ठेवला. आजी बोंबलली, एवढं धान गेलं म्हणून. मग तीच रोज जाऊन पाहाची, फुटली का म्हणून." त्यानं साडूंना हात दिला. "उठा जी. आता ट्यूब पाहू द्या."

पंक्चरचे पैसे साडूंनी दिले. किती दिले ते मी पाहिलं, पण सांगणार नाही. पुण्यात बातमी जायला नको.

ते गेल्यावर आम्ही विसरलो. २०२५च्या जानेवारीत चितमपल्लींना पद्मश्री जाहीर झाली, त्या रात्री साडूंचा फोन आला. "आपल्या दगडाचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकलाय!" मी 'छान' म्हणालो. सांगून टाकावं असं वाटलं होतं, पण त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता की ते राहून गेलं. जूनमध्ये, १८ तारखेला, चितमपल्ली गेले. तेव्हाही फोन आला. या वेळी दोघंही फारसं बोललो नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मोह आहे ना जागेवर?"

"आहे," मी म्हणालो. न पाहता.

म्हणून डिसेंबरात बायकोला घेऊन गेलो. कुणी पाहुणा नव्हता, यादी नव्हती. रविवार होता, तसे मी रविवारी झोपतो. मोह जागेवर होता. दगडही होता, पण पूर्वीपेक्षा गुळगुळीत झालेला, आणि त्याच्यावर झेंडूची दोन फुलं. पलीकडे एक चहाची टपरी नवीन निघाली होती. चालून पाय दुखत होते. मी फुलं बाजूला ठेवली आणि दगडावर बसलो. पाठ मोहाला टेकवली. समोर पाणी, बदकांची ती काळी रेघ, आणि सात बहिणींवर उतरतं ऊन. जागा खरंच चांगली होती. साहेब इथं बसले नसतील तर त्यांचं नुकसान झालं, असंही मनात येऊन गेलं.

टपरीवाला एका नागपुरी कुटुंबाला घेऊन आला. "इथं," तो दगडाकडे हात करून म्हणाला, "चितमपल्ली साहेब बसायचे जी. रोज संध्याकाळी. पाठ मोहाला टेकवून. आणि माझे वडील त्यायले इथंच चहा आणून द्यायचे. बिनसाखरेचा."

मी तोंड उघडलं. बायकोनं दंडाला चिमटा काढला.

"काका," टपरीवाला मला म्हणाला, "जरा उठता का? पाहुण्यायले फोटो काढाचा आहे."

मी उठलो. फुलं परत जागेवर ठेवली.